अमेरिकेत डेकेअरची फी: एफएसए घ्यावा की क्रेडिट?

अमेरिकेत दोघंही नोकरीला आणि मूल डेकेअरला, अशा घरांना फीवर कर वाचवायच्या दोन वाटा आहेत: कंपनीमार्फतचा डिपेंडंट केअर एफएसए (फीसाठी पगारातून पैसे बाजूला ठेवायचं खातं), किंवा टॅक्स रिटर्नमध्ये मागायचं चाइल्ड अँड डिपेंडंट केअर क्रेडिट (थेट करातून वजा होणारी रक्कम). एकाच डॉलरवर दोन्ही मिळत नाहीत. २०२६ पासून दोन्हींचे आकडे बदललेत, तेव्हा जुना हिशेब बाजूला ठेवा.

एफएसएची मर्यादा कुटुंबामागे ५,००० वरून ७,५०० डॉलर झाली. ही रक्कम कर लागण्याआधीच पगारातून निघते, म्हणून फेडरल करासोबत सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्केही सहसा वाचतात. क्रेडिटमध्ये धरला जाणारा खर्च आहे तेवढाच राहिला: एका मुलासाठी ३,०००, दोन किंवा जास्त मुलांसाठी ६,०००. दर मात्र उत्पन्नानुसार ५० ते २० टक्के.

दोघांचं मिळून १,८०,००० उत्पन्न आणि दोन मुलं धरा. क्रेडिटचा दर २७ टक्के, म्हणजे १,६२० डॉलर. एफएसए पूर्ण भरला तर फेडरल कराचे २२ अधिक ७.६५ टक्क्यांनी जवळपास २,२२४. मूल एकच असेल तर क्रेडिट ८१० वरच थांबतं. अशा घरांनी एफएसएच घ्यावा. उत्पन्न ६०,००० च्या आसपास आणि मुलं दोन असतील तर उलट: ३५ टक्क्यांनी क्रेडिट २,१०० पर्यंत जातं आणि एफएसए मागे पडतो. पण हे क्रेडिट तुमच्या करापुरतंच मिळतं, उरलेलं हातात येत नाही.

एफएसएत लोक अडकतात ते मुदतीत. रक्कम ओपन एनरोलमेंटमध्येच, म्हणजे कंपनीच्या सुविधा निवडायच्या वार्षिक मुदतीतच, ठरवावी लागते. मध्ये बदलायची तर मूल जन्मणं, डेकेअर किंवा त्याची फी बदलणं असं कारण लागतं. न वापरलेले पैसे बुडतात. मूल यंदा १३ वर्षांचं होणार असेल तर वाढदिवसापर्यंतचीच फी धरा. डे कॅम्प चालतो, मुक्कामी कॅम्प आणि किंडरगार्टन किंवा त्यापुढच्या शाळेची फी चालत नाही.

एक जण एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर्षभर बिनकमाईचा असेल तर दोन्ही वाटा बंद. पूर्णवेळ विद्यार्थी किंवा स्वतःची काळजी घेऊ न शकणारा जोडीदार एवढाच अपवाद. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजीला पैसे देऊन खर्च दाखवू नका, त्या व्हिसावर मोबदल्याचं काम चालत नाही.

आणि एफएसए घेतला तरी रिटर्नसोबतचा फॉर्म २४४१ भराच. डब्ल्यू-२ च्या (कंपनीकडून मिळणारं वर्षाच्या पगाराचं पत्रक) १० नंबरच्या चौकटीत ती रक्कम दिसते. फॉर्म नसेल तर ती करपात्र धरली जाऊ शकते. त्यावर डेकेअरचा ईआयएन (कर ओळख क्रमांक) लागतो, तो जानेवारीतच मागून ठेवा.