‘केम फर्स्ट’, ‘स्टुड फर्स्ट’ की ‘फिनिश्ड फर्स्ट’? पहिला आला हे इंग्रजीत लिहायचंय त्यांच्यासाठी

परवा भाचीने इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीला पाठवायचा एसओपी, म्हणजे प्रवेशाच्या अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचा निबंध, मला वाचायला दिला, त्यात दुसऱ्याच ओळीत होतं ‘आय स्टुड फर्स्ट इन माय कॉलेज अँड गॉट फर्स्ट इन बीएस्सी’, आणि आम्ही दोघी अर्धा तास त्या एका ओळीवर अडकून बसलो. तिला सांगायचं होतं एवढंच की मी पहिली आले. मराठीत ‘येणे’ या एका क्रियापदावर सगळं भागतं, फक्त पहिला आला, पहिली आली, पहिले आले अशी क्रमाच्या शब्दाची आणि क्रियापदाची रूपं माणसाप्रमाणे बदलतात. इंग्रजीत बरोबर उलटं आहे, फर्स्ट-सेकंड-थर्ड जागचे हलत नाहीत, त्यांच्याआधीचं क्रियापद निवडावं लागतं आणि तिथेच गडबड होते.

आधी आपल्या लाडक्या ‘स्टुड फर्स्ट’चं. हे चूक आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, आपल्या इंग्रजीत ते पिढ्यानपिढ्या मुरलंय, शाळेच्या सर्टिफिकेटवर तेच असतं आणि इथला कुणीही वाचणारा अडखळत नाही. चिंतामणराव देशमुख 1912 मधे मॅट्रिकला पहिले आले आणि 1918 मधे लंडनला आयसीएसच्या परीक्षेतही पहिले, हे इथल्या वाचकासाठी लिहिताना ‘स्टुड फर्स्ट’ अगदी चालेल. पण तेच वाक्य आजच्या लंडनमधल्या माणसाला वाचायला द्यायचं असेल तर ‘केम फर्स्ट’ लिहा, कारण त्याच्या कानाला ‘स्टुड’ म्हणजे आधी उभं राहणं, रांगेत पहिला उभा होता असं काहीतरी.

‘केम फर्स्ट’ सगळ्यात बिनधोक, परीक्षा, शर्यत, वक्तृत्व स्पर्धा, कुठेही चालतं आणि आपल्या ‘पहिली आली’च्या जवळचं पण आहे. मधे ‘द’ मात्र घालू नका, ‘केम द फर्स्ट’ नाही होत. आणि पुढे ‘इन’ लावून कशात ते सांगा, कारण नुसतं ‘शी केम फर्स्ट’ म्हटलं तर ती सगळ्यांच्या आधी पोचली असाही अर्थ निघतो.

‘फिनिश्ड’ हे मैदानावरचं क्रियापद, जिथे शेवटची रेषा असते तिथलं, आणि तिथे याच्याइतकं नेमकं दुसरं नाही. 1984 ला लॉस एंजेलिसमधे पी. टी. उषा 400 मीटर हर्डल्समधे ‘फिनिश्ड फोर्थ’, ब्राँझ एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपला बीडचा अविनाश साबळे स्टीपलचेसमधे ‘फिनिश्ड सेकंड’, तिथे फरक होता 0.05 सेकंद. अशा ठिकाणी ‘केम’ पण चालतं, पण ‘फिनिश्ड’ म्हटलं की धावून आलेला माणूस दिसतो. परीक्षेसाठी मात्र सांभाळून, ‘फिनिश्ड फर्स्ट इन हर क्लास’ अमेरिकेत सर्रास म्हणतात, पण ‘फिनिश्ड द एक्झाम फर्स्ट’ लिहिलंत तर हिने सगळ्यांच्या आधी पेपर लिहून संपवला एवढाच अर्थ होतो, मार्कांचा संबंधच राहत नाही.

‘रँक्ड फर्स्ट’ यादीसाठी ठेवा, म्हणजे बॅडमिंटनचं रँकिंग, कॉलेजांची क्रमवारी. एका दिवसाच्या स्पर्धेला ते जड होतं. ‘प्लेस्ड थर्ड’ अमेरिकेत खूप वापरतात, पण आकडा विसरू नका, कारण तिकडे घोड्यांच्या शर्यतीत नुसतं ‘प्लेस’ म्हणजे दुसरा नंबर.

आता ‘गॉट फर्स्ट’, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. आपल्याकडे मुलं ‘आय गॉट फर्स्ट’ सहज बोलून जातात. ब्रिटिश युनिव्हर्सिटीत मात्र ‘गॉट अ फर्स्ट’ याला पक्का ठरलेला अर्थ आहे, फर्स्ट क्लास ऑनर्स डिग्री, साधारण 70 टक्के आणि वर, आणि एका वर्गात ती कितीही जणांना मिळू शकते. म्हणजे भाचीचा कॉलेजात पहिला नंबर होता आणि वाचणाऱ्याला कळलं असतं की हिला चांगला क्लास मिळाला. एवढी मेहनत करून मिळवलेला नंबर एका क्रियापदापायी वाया जाणार म्हटल्यावर मला खरंच वाईट वाटलं. बक्षीस सांगायचं असेल तर ‘वन फर्स्ट प्राइझ’ सरळ आहे.

‘द’चा खेळ खाशाबा जाधवांवरून छान कळतो. 1952 ला हेलसिंकीत कुस्तीत खाशाबा ‘फिनिश्ड थर्ड’, म्हणजे ब्राँझ. आणि त्याच पदकामुळे स्वतंत्र भारतासाठी वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारे पहिले कोण, तर तेच, ‘ही वॉज द फर्स्ट टू विन’. नंबर सांगताना ‘द’ नाही, आजवर कुणीच केलं नव्हतं ते केलं हे सांगताना ‘द’ हवाच. एकाच दिवशी एकच माणूस तिसरा आणि पहिला, दोन्ही खरं.

अजून एक, शब्दाची जागा. ‘आय सॉ हिम फर्स्ट’ म्हणजे तुझ्याआधी मी बघितला, ‘आय फर्स्ट सॉ हिम’ म्हणजे पहिल्यांदा बघितला तेव्हाची गोष्ट, आणि ‘ॲट फर्स्ट’ म्हणजे सुरुवातीला, ज्याच्यानंतर बहुतेक ‘पण’ येतोच. आपल्याकडे आधी, पहिल्यांदा, सुरुवातीला असे तीन वेगळे शब्द आहेत, अर्थ जागेवर ठरत नाही, म्हणून इंग्रजी लिहिताना आपण एकच ‘फर्स्ट’ कुठेही टाकून मोकळे होतो. शेवटून दुसरा म्हणायचं तर ब्रिटनमधे ‘केम सेकंड लास्ट’, अमेरिकेत ‘सेकंड टू लास्ट’.

भाचीची ओळ शेवटी अशी झाली, ‘आय केम फर्स्ट आउट ऑफ 64 स्टुडंट्स इन माय फायनल इयर’. ‘गॉट फर्स्ट’ काढलं. गावच्या शाळेत सत्कार आहे, तिथल्या परिचयात ‘स्टुड फर्स्ट’ तसंच ठेवलंय.