एन१४ चा ‘ओरिजिनल’ सेट: ३,९३५ डॉलर गेले आणि फेंडरही कापले गेले

माझ्या १९६६ च्या शेव्हरले कॉर्व्हेटसाठी मूळचा साइड एक्झॉस्ट, म्हणजे दाराखालून जाणारे धुराचे पाइप, जाहिरातीतून घेतला आणि फसलो. आकडे आधीच लिहून टाकतो. आगाऊ रक्कम १,००० डॉलर. माल निघण्याआधी २,६५०. ‘वाहतुकीचा विमा’ म्हणून वर २८५. हे ३,९३५ डॉलर सरळ विकणाऱ्याच्या खिशात गेले. त्याच्या सांगण्यावरून दोन्ही पुढचे फेंडर (चाकांवरचे बॉडीचे भाग) कापून घेतले, त्याची मजुरी ३४०. ते पूर्ववत करण्याचा रंगासकट अंदाज १,८६०. एकूण ६,१३५ डॉलर, आणि १९६६ ची कॉर्व्हेट स्टँडवर उभी, पुढच्या दोन्ही चाकांमागे खाचा पाडलेल्या.

पद्धत जुनीच. जाहिरात साइटवर, बोलणं फोनवर. आगाऊ रक्कम पैसे पाठवायच्या ॲपच्या ‘मित्र-नातेवाईक’ पर्यायाने, कारण ‘नाहीतर तीन टक्के कापले जातात’. बाकीची वायरने (बँकेतून थेट त्याच्या खात्यात), कारण ‘दुसरं गिऱ्हाईक शुक्रवारी येतंय’. वाचणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं, मलाही होतं. तरी फसलो. नेमकं कुठे फसलो ते लिहितो, कारण या छंदातला पुढचा माणूस तिथेच घसरणार आहे.

हा माणूस अडाणी नव्हता. एन१४ म्हणजे कारखान्यातून बसवून येणारा साइड एक्झॉस्ट. तो घेतलेल्या गाड्या १९६५ मध्ये ७५९, १९६६ मध्ये ३,६१७ आणि १९६७ मध्ये ४,२०९, हे त्याने फोनवर न अडखळता सांगितलं. तिन्ही आकडे बरोबर आहेत. पहिल्या वर्षी त्या पर्यायाची किंमत १३४ डॉलर ५० सेंट होती आणि पुढची दोन वर्षं १३१ डॉलर ६५ सेंट, हेही त्याने सांगितलं. १९६८ ला हा पर्याय यादीत नव्हता, १९६९ ला परत आला आणि तिथेच संपला, हेसुद्धा. एन१४ असलेल्या गाडीच्या मागच्या पॅनेलला टेलपाइपची (मागून धूर सोडणाऱ्या नळ्यांची) भोकं नसतात, हे मी विचारण्याआधी तोच बोलला. इतकं जाणणारा माणूस खोटा माल विकेल असं कुणाला वाटेल? मला वाटलं नाही. पण हे सगळं संदर्भपुस्तकात छापलेलं आहे आणि तासाभरात पाठ होतं. त्याच्याकडे माल आहे की नाही, याच्याशी त्या आकड्यांचा काही संबंध नव्हता. विकणाऱ्याला किती माहिती आहे ते तपासू नका, त्याच्या हातात काय आहे ते तपासा.

साइड पाइप बसवावेत का, हा प्रश्न मी नीट सोडवला होता. म्हणूनच जास्त चीड येते. ताकद वाढेल म्हणून ते बसवू नयेत. मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करून पाइपला देणारे भाग) मूळचे ओतीव लोखंडाचेच राहणार असतील तर जाणवेल असा फरक पडत नाही. फरक पडतो तो आवाजात आणि दिसण्यात. त्याची किंमत म्हणजे उष्णता. पाइप दाराच्या खालून जातो, उतरताना पोटरी पाइपवरच्या कव्हरला टेकते आणि भाजते. उजवीकडे बसणाऱ्याला दर वेळी सांगावं लागतं. आवाज थेट दोन्ही कानांखाली येतो, लांबच्या प्रवासात हायवेच्या वेगाला त्याने डोकं उठतं. बाजूने जॅक किंवा लिफ्टचा हात लावायची जागा अडते. नियमही पाहा. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धूर-तपासणी नाही, पण मफलर (सायलेन्सर) असलाच पाहिजे आणि ६,००० पौंडांखालच्या गाडीला ९५ डेसिबलची मर्यादा आहे. जुनी गाडी म्हणून आवाजाला सूट मिळत नाही. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे, तेव्हा आपला वाचून मगच पुढे जा.

कारखान्याच्या पाइपला वेगळा मफलर नसतो. आत छिद्रांची नळी असते, आणि बाहेरची नळी ठरावीक अंतरावर दाबून तिचे कप्पे केलेले असतात. त्या दाबलेल्या खुणा कव्हर काढल्यावर बाहेरून दिसतात. बाजारातले स्वस्त पाइप सरळ असतात आणि आत काचतंतू भरलेला असतो. तो जळत, उडत जातो आणि दोन उन्हाळ्यांत आवाज कर्कश होतो. मला कप्प्यांचा पाइप हवा होता, मूळचा हवा होता, आणि त्यासाठी मी जास्त पैसे द्यायला तयार होतो. मागितले ४,२००, ठरले ३,६५०. त्याने साडेपाचशे इतक्या सहज सोडले तिथेही थांबायला हवं होतं.

आता तो क्षण. जाहिरातीत सात फोटो होते. सेट १९६७ च्या गाडीवरून काढलेला आहे असा दावा होता. तिसऱ्या फोटोत डाव्या बाजूचं कव्हर गाडीवरच आहे, आणि त्याच्या वर फेंडरवर तीन उभ्या गिल (हवा जायच्या फटी) आहेत. पाचव्या फोटोत उजवी बाजू आहे, तिथे पाच गिल आहेत. १९६५ आणि १९६६ च्या फेंडरला तीन गिल असतात, १९६७ ला पाच. गाडीची वर्षं ओळखायला शिकताना पहिल्याच दिवशी कळणारी गोष्ट. म्हणजे ते दोन वेगळ्या गाड्यांचे फोटो होते, आणि त्यातली एक १९६७ ची नव्हतीच. मी तो तिसरा फोटो किमान वीस वेळा मोठा करून पाहिला. कव्हरच्या मागच्या टोकाजवळ एक लांब ओरखडा होता, तो पॉलिशने जाईल का याचा विचार करत होतो. गिल त्या ओरखड्यापासून फार लांब नव्हत्या, एकाच चौकटीत होत्या. सहाव्या फोटोच्या कडेला गाडीचा मागचा कोपरा अर्धवट आलाय, त्यात टेलपाइपची क्रोमची रिंग दिसते. एन१४ च्या गाडीला ती नसते, असं जो माणूस मला फोनवर सांगत होता त्याच्याच फोटोत. हे आज लिहितानाही हात गरम होतात.

मी डोळे मिटून पैसे दिले असं कुणी समजू नये. आणखी फोटो मागितले होते. ते आले, पण जमिनीवर ठेवलेल्या कव्हरचे, आणि कव्हर खरोखर चांगलं होतं. मागायला हवा होता एकच फोटो: पाइपचं मॅनिफोल्डकडचं तोंड, त्यावर व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) लावलेला, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद. ज्याच्याकडे माल आहे त्याला याला पाच मिनिटं लागतात. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे माल नाही.

फेंडर आधी का कापले, हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला आहे. १९६५ ते १९६७ च्या गाडीवर पाइप पुढच्या चाकामागून बाहेर येतो आणि त्यासाठी फेंडरच्या खालच्या कडेला खाच पाडावीच लागते. विकणाऱ्याने खाच कुठे कापायची त्याचा कागदी साचा ईमेलने पाठवला आणि म्हणाला, वाहतुकीला दोन आठवडे लागतील, तोवर हे काम उरकून घ्या. ट्रॅकिंग क्रमांक आला होता, खोकं खरंच निघालं होतं. फायबरग्लासचं काम करणारा कारागीर त्याच आठवड्यात मोकळा होता. त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं. पण साच्यावर कधीही कापू नका, साचा अस्सल असला तरी नाही. प्रिंटर ‘पानात बसवा’वर असेल तर साचा छोटा होतो, आणि साठ वर्षांच्या गाडीची बॉडी फ्रेमवर कुठे बसली आहे ते साच्याला माहीत नसतं.

क्रम असा असतो. मॅनिफोल्डच्या स्टडवर तीन-चार दिवस रोज गंज सोडवणारं तेल सोडा. घाई केली की स्टड तुटतो आणि काम दुप्पट होतं. जुना एक्झॉस्ट आणि रॉकरची (दाराखालची) पट्टी काढा. नवीन पाइप मॅनिफोल्डला सैल जोडा, मागचं टोक आधारावर ठेवा, ब्रॅकेट नुसतं धरून पाहा. मग खूण करा. खुणेच्या आत कापा आणि कानशीने वाढवत जा. पाइपभोवती बोट सहज फिरलं पाहिजे, कारण इंजिन माउंटवर हलतं आणि पाइप त्याच्याबरोबर हलतो. टेकला तर फायबरग्लास करपतं, वरचा रंग फुगतो. कापलेली कड रेझिनने बंद करा. धूळ नाकात जाऊ देऊ नका. नट पुढून मागे आवळत जा आणि पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा आवळा. यातली एकही पायरी हातात पाइप नसताना करता येत नाही.

खोकं आलं तेव्हा ड्रायव्हरला घाई होती, मी सही केली. ती चूकच. पावतीवर सही करण्याआधी खोकं उघडायचं, आणि उघडू देत नसतील तर ‘न तपासता स्वीकारले’ असं पावतीवर लिहायचं. आत दोन सरळ पाइप, बाहेर दाबल्याची एकही खूण नाही. तोंडाला व्हर्नियर लावला तर २ इंच. माझ्या गाडीच्या ३५० अश्वशक्तीच्या एल७९ इंजिनला अडीच इंची लागतात. कव्हर पातळ पत्र्याचे, कुठल्याही गाडीला लावा असे. ब्रॅकेट नाहीतच, त्यांच्या जागी भोकांची लोखंडी पट्टी आणि चार यू-बोल्ट. पाइप धरून पाहिला तर कापलेल्या खाचेपेक्षा सव्वा इंच खाली येतो. म्हणजे साचाही दुसऱ्याच कशाचा तरी होता.

विकणाऱ्याचं एकच उत्तर आलं: ‘जाहिरातीत एन१४ स्टाइल लिहिलं होतं.’ जाहिरात उघडली तर ‘ओरिजिनल’ शब्द गेलेला, ‘स्टाइल’ आलेला. त्यानंतर फोन बंद. जाहिरातीचा पूर्ण पानाचा, तारखेसकट स्क्रीनशॉट पैसे देण्याच्या आधी घ्या. माझ्याकडे फोटो होते, मजकूर नव्हता. सुदैवाने एका ईमेलमध्ये त्याने स्वतः ‘१९६७ च्या गाडीवरून काढलेला मूळ सेट’ लिहिलं आहे. अमेरिकेच्या युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या कलम २-३१३ प्रमाणे व्यवहार ज्या वर्णनावर ठरला ते वर्णन हीच हमी असते, वेगळा हमीचा कागद लागत नाही.

पण ती हमी बजावून देणार कोण? बँकेत गेलो. उत्तर: वायर तुम्हीच मंजूर केलीत, आम्ही चोरीचा व्यवहार पाहतो, फसवणुकीचा नाही. परत मागवण्याची विनंती केली. पैसे गेल्याला तेव्हा एकोणीस दिवस झाले होते, आणि असली विनंती पहिल्या काही तासांतच उपयोगाची असते. पैसे पाठवायच्या ॲपने सांगितलं, मित्र-नातेवाईक पर्यायाला संरक्षण नाही. जाहिरातीच्या साइटने सांगितलं, व्यवहार आमच्याबाहेर झाला. वाहतूक कंपनीने सांगितलं, खोकं पोचलं, वजन जुळतं, सही आहे. स्थानिक पोलिसांनी चाळीस मिनिटं बसवून सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. कारण काय, तर काहीतरी माल आला ना! रिकामं खोकं आलं असतं तर गुन्हा, भंगार आलं तर दिवाणी. चोराला हे पक्कं माहीत आहे, म्हणूनच तो भंगार पाठवतो. विकणाऱ्याच्या गावच्या पोलिसांनी फोनवर सांगितलं, तुमच्या गावी तक्रार करा. गावच्यांनी सांगितलं, त्याच्या गावी करा. ग्राहक तक्रार कार्यालयात बावीस पानं जोडून अर्ज दिला. अकरा आठवड्यांनी पत्र आलं: आम्ही विक्रेत्याला पत्र पाठवले, उत्तर आले नाही, सबब फाइल बंद. उत्तर आलं नाही म्हणून फाइल बंद! ज्याने उत्तर द्यायचं नाही त्याला ही व्यवस्था बक्षीस देते. बावीस पानांपैकी एकही कुणी वाचलं नसावं, कारण त्या पत्रात माझी गाडी मोटरसायकल झाली होती.

क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर निदान लेखी हरकत घेता आली असती. बिल निघाल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. ते तीन टक्के म्हणजे ३,६५० वर १०९ डॉलर ५० सेंट. तेवढे वाचवायला बाकीचे घालवले. इंटरनेटवरच्या फसवणुकीची तक्रार एफबीआयच्या आयसी३ पोर्टलवर त्याच दिवशी नोंदवा, वायरची तारीख आणि समोरच्याचा खाते क्रमांक हाताशी ठेवा. दुसरं कुठे काही सुचो न सुचो, हे आधी करा. आणि ‘विमा’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर पॉलिसीचा कागद मागा. माझ्या २८५ डॉलरचा कागद कधीच आला नाही.

पाइप नवीन रिप्रोडक्शन (मूळच्यासारखे नव्याने बनवलेले) घेण्यात काही कमीपणा नाही, हे मी आता म्हणतो. कप्प्यांचे, योग्य मापाचे मिळतात, कार्डावर मिळतात. जी गाडी कारखान्यातून एन१४ घेऊन आली नाही तिच्यावर साठ वर्षं जुना पाइप लावल्याने ती एन१४ ची होत नाही. कापलेले तुकडे मी फेकले नाहीत, ते पिशवीत आहेत. कारागीर म्हणतो, दोन्ही बाजूंनी कडा उतरत्या घासून, आतून फायबरग्लास मॅटचे थर देऊन तेच तुकडे परत बसवता येतील. खर्च मुख्यतः रंग जुळवण्याचा आहे.

तीच जाहिरात परवा पुन्हा लागली आहे, ३,९०० डॉलरला. या वेळी गाडी १९६६ ची लिहिली आहे. तपकिरी कांबळ्यावर ठेवलेलं कव्हर, शेजारी पिवळी मोजपट्टी, आणि पाचव्या फोटोत उजव्या फेंडरवर अजून पाच गिल.