जुनी फोर्कलिफ्ट घेताय? टायरचा काळा रंग आधी पुसून बघा

सेकंडहँड काउंटरबॅलन्स (मागच्या वजनाने पुढच्या मालाचा तोल सांभाळणारी) फोर्कलिफ्ट घेतली. विकणाऱ्याने इंजिन सुरू करून दाखवलं, मास्ट (काटे ज्यावर वर चढतात तो उभा सांगाडा) वरखाली केला आणि टायरकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, सॉलिड टायर आहेत, पंक्चरची भानगडच नाही. नवेच समजा." काळेकुळकुळीत, खोल खाचांचे टायर.

गाडी आणून चाकं धुतली तर पाण्याबरोबर काळे ओघळ आले. खाली करडं पडलेलं रबर आणि कडेने भेगा. खाचा साच्यातल्या नव्हत्याच, पात्याने कापलेल्या होत्या: एक खोल, शेजारची उथळ. सॉलिड, म्हणजे हवेऐवजी रबराने भरलेल्या टायरच्या बाजूला बऱ्याच कंपन्या झिजेची रेष देतात, तिच्याजवळ '६० जे' लिहिलेलं असतं. रबर तिथवर आलं की टायर बदलायचा. आमच्या टायरवरची ती रेष घासून काढली होती. याला नजरचूक म्हणत नाहीत.

त्यात डावा टायर उजव्यापेक्षा जास्त झिजलेला. पुढच्या चाकांमध्ये मीटरभर अंतर धरा आणि उंचीत फक्त १५ मिलिमीटरचा फरक. काटे साडेचार मीटरवर नेले की माल जवळपास ७ सेंटीमीटर बाजूला कलतो. भार उचलल्यावर बहुतेक वजन पुढच्याच चाकांवर येतं, त्यामुळे चालवणाऱ्याला हे नको तिथे कळतं.

याच माणसाने आधी कुशन टायरची एक बुटकी गाडी "यार्डातही पळते" म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. कुशन टायर म्हणजे लोखंडी पट्ट्यावर बसवलेलं रबर. ते गुळगुळीत काँक्रीटसाठी. गाडी जमिनीलगत असते, खडीत अडकते, आणि टायर बदलायला प्रेस मशीन लागतं. रीच ट्रकची (गोदामातल्या अरुंद वाटांसाठीची फोर्कलिफ्ट) पॉलियुरेथेनची, म्हणजे कडक प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची चाकं तर गोदामाबाहेर काढायचीच नसतात. खडबडीत आवारात हवेचे किंवा त्याच आकाराचे सॉलिड टायर घ्यावेत.

फोन केला तर उत्तर ठरलेलं: "जुन्या मालाला गॅरंटी नसते." पावतीवर टायरबद्दल अवाक्षर नव्हतं. म्हणून टायरचा प्रकार, साइझ आणि झिजेची रेष दिसते की नाही, हे पावतीवर लिहून घ्या. गाडीवरच्या डेटा प्लेटशी (कंपनीने माहिती कोरलेली पट्टी) साइझ ताडून बघा. ओल्या फडक्याने टायर पुसू देत नसेल, तर सौदा तिथेच सोडा.