पिकअपच्या मागच्या दिव्यांना एलईडी बल्ब : पावसाळा आणि उन्हाळा पार केल्यानंतरचा अनुभव

शेतमाल वाहणाऱ्या पिकअपचे मागचे दिवे हौद्याच्या खाली, चाकांनी उडवलेल्या चिखलाच्या थेट माऱ्यात असतात आणि रात्री मागून येणाऱ्या चालकाला त्या गाडीविषयी जे काही कळते ते मुख्यतः या दोन दिव्यांवरूनच कळते. माझी पिकअप ओतूरहून माळशेज घाट, मुरबाड आणि कल्याण या मार्गाने वाशीच्या बाजार समितीत टोमॅटो आणि पालेभाज्या नेते. पहाटेचा बाजार गाठायचा असल्यामुळे घाट नेहमी रात्रीच उतरावा लागतो आणि पावसाळ्यात तिथे पुढचे वळणसुद्धा दिसू नये इतके धुके असते. गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर आला असताना मी मागचे सगळे बल्ब काढून त्यांच्या जागी एलईडी बसवले. त्यानंतर एक संपूर्ण पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा गाडी याच दिव्यांवर चालली आहे.

एलईडी घेताना आपण तो किती प्रखर आहे हे पाहतो, परंतु मागच्या दिव्यांच्या बाबतीत हा प्रश्न दुय्यम आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. रात्री सतत पेटलेला टेल लाईट आणि ब्रेक दाबल्यावर पेटणारा ब्रेक लाईट यांच्या प्रकाशात किती फरक आहे, ही खरी कसोटी आहे. ज्याला गॅरेजमध्ये डबल कॉन्टॅक्ट म्हणतात त्या २१/५ वॅटच्या बल्बमध्ये तापून प्रकाश देणाऱ्या दोन तारा (फिलामेंट) असतात. पाच वॅटची तार साधारण ३५ ल्युमेन (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश देते आणि एकवीस वॅटची तार साधारण ४४० ल्युमेन, म्हणजे ब्रेक दाबताच प्रकाश सुमारे बारा पटींनी वाढतो. मागच्या चालकाचा पाय ब्रेककडे जातो तो या उडीमुळे, केवळ लाल रंग दिसल्यामुळे नव्हे. मी तुलना करता यावी म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारचे संच घेतले होते. त्यांतल्या स्वस्त संचाचा टेल लाईट इतका प्रखर होता की ब्रेक दाबल्यावर वाढलेला प्रकाश वीस पावलांवरून जेमतेम ओळखू येई. तो बल्ब नुसता पाहिला तर कोणालाही उत्तमच वाटेल. गाडीवर मात्र तो जुन्या बल्बपेक्षा अधिक धोकादायक आहे आणि दुकानातल्या टेबलावर बॅटरीला लावून पाहताना हे कधीही लक्षात येत नाही. बल्ब होल्डरमध्ये बसवून, लाल काच लावून, अंधारात एका माणसाला मागे पन्नास पावलांवर उभे करावे आणि पार्किंग लाईट चालू ठेवून ब्रेक दाबावा. त्याला फरक चटकन जाणवला नाही तर तो बल्ब परत करावा.

दुसरी कसोटी कोनाची आहे. जुन्या बल्बची तार प्रकाश सर्व बाजूंना सारखा फेकते आणि लॅम्पमधला चकचकीत परावर्तक त्या ठरावीक जागेवरच्या तारेसाठी घडवलेला असतो. ज्या एलईडी बल्बच्या प्रकाश देणाऱ्या सगळ्या बारीक चकत्या टोकाला असतात, तो समोरून डोळे दिपवतो आणि थोडे बाजूला सरकले की मंदावतो. घाटातल्या वळणावर मागची गाडी कधीच नेमकी आपल्या मागे नसते. म्हणून ज्याच्या दांड्यावर चहूबाजूंनी चकत्या बसवलेल्या आहेत आणि ज्या जागी मूळ तार होती साधारण त्याच उंचीवर त्या आहेत, असा बल्ब निवडावा. माझ्याकडचा दुसरा संच असा आहे आणि आजही तोच गाडीवर आहे.

रंगाविषयी विक्रेते हमखास चुकीचा सल्ला देतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. लाल काचेमागे पांढरा एलईडी चालतो, काच त्याला लाल करते, असे सांगितले जाते. पांढरा एलईडी हा मुळात निळा प्रकाश देणारा स्फटिक असतो आणि त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. त्याच्या प्रकाशात लाल भाग थोडाच असतो आणि लाल काच उरलेला सगळा प्रकाश अडवते. परिणामी दिवा मंद दिसतो आणि काही वेळा गुलाबीसर छटाही दाखवतो. तापलेल्या तारेच्या प्रकाशात लाल भाग भरपूर असल्यामुळे जुन्या बल्बला ही अडचण येत नसे. लाल एलईडी मात्र लाल प्रकाशच निर्माण करतो आणि ते तंत्रही जुने आहे. निक होलोन्याक यांनी दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी १९६२ साली तयार केला होता. तेव्हा लाल काचेमागे लाल, पिवळ्या इंडिकेटरसाठी पिवळा आणि रिव्हर्स व नंबर प्लेट यांच्यासाठीच पांढरा, हा नियम मोडू नये.

इंडिकेटर बदलताच तो दुप्पट वेगाने लुकलुकू लागला. इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर हा भाग त्या बाजूच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बल्बांनी मिळून ओढलेला प्रवाह पाहत असतो आणि एकवीस वॅटच्या जागी दोन-तीन वॅटचा बल्ब आला की एक बल्ब गेला आहे, असे तो समजतो. वायरमनने यावर नेहमीचा उपाय सुचवला, तो म्हणजे प्रत्येक इंडिकेटरला समांतर ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर, म्हणजे जुन्या बल्बइतका प्रवाह मुद्दाम ओढणारा रोध. मी तो नाकारला. इंजिन चालू असताना गाडीचा दाब १३.८ व्होल्ट धरला तर त्या रेझिस्टरमधून २.३ अँपिअर प्रवाह वाहतो आणि सुमारे ३२ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे मूळ बल्बहूनही अधिक. धोक्याचे चारही दिवे लावून गाडी रस्त्याकडेला बराच वेळ उभी राहिली तर तो रेझिस्टर जवळच्या तारेचे आवरण वितळवण्याइतका तापतो. त्याऐवजी डॅशबोर्डखालचा तीन पिनांचा फ्लॅशर काढून प्रवाहावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला. पुढचे इंडिकेटर जुन्याच बल्बचे असूनही चारही दिवे योग्य गतीने चालतात. या फ्लॅशरचा एक तोटा मात्र ध्यानात ठेवायला हवा. एखादा बल्ब बंद पडला तरी तो वेग वाढवून इशारा देत नाही, त्यामुळे माल भरून फाळका (हौद्याची मागची झडप) लावला की गाडीभोवती फिरून प्रत्येक दिवा डोळ्यांनी पाहण्याची सवय ठेवावी लागते.

पावसाळ्यात दोन गोष्टी समोर आल्या. जुना बल्ब तापत असल्यामुळे लॅम्पमध्ये शिरलेला दमटपणा त्या उष्णतेनेच निघून जात असे. एलईडी थंड राहतो, त्यामुळे काचेच्या आतला धुरकटपणा दिवसेंदिवस टिकू लागला आणि दिवा चांगला असूनही बाहेर येणारा प्रकाश कमी झाला. काचेखालची रबरी पट्टी बदलली, स्क्रू सारखे आवळले आणि लॅम्पच्या तळाचे चिखलाने बुजलेले बारीक छिद्र मोकळे केले, तेव्हा हा त्रास थांबला. ज्यांच्या लॅम्पला तडे गेले आहेत त्यांनी आधी लॅम्प बदलावा.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, म्हणजे दिव्यातला प्रवाह गाडीच्या सांगाड्यातून परत नेणाऱ्या जोडणीची. ऐन श्रावणात ब्रेक दाबला की डावा इंडिकेटरही अंधुक पेटू लागला. चासीवर जिथे मागच्या दिव्यांची अर्थची तार आवळलेली असते तिथे गंज चढला होता आणि परतीची वाट न मिळालेला प्रवाह शेजारच्या दिव्यातून वाट काढत होता. जुने बल्ब असताना असा किरकोळ प्रवाह तार पेटवू शकत नाही, म्हणून दोष झाकलेला राहतो. एलईडीला मात्र तेवढा पुरतो. पॉलिश पेपरने जागा घासून, तारेच्या टोकाला नवा थिंबल (धातूची कडी) लावून त्यावर ग्रीस भरल्यापासून हे पुन्हा झालेले नाही. मी याला एलईडीचा दोष मानत नाही. त्याने वेळीच दाखवलेली खराब अर्थिंग पुढे कधीतरी दिवेच बंद पाडणार होती.

उन्हाळ्यात वेगळीच परीक्षा झाली. लाल एलईडीचा प्रकाश तापमान वाढले की बराच कमी होतो. कल्याण आणि शिळफाट्याच्या दरम्यान गाड्यांच्या रांगेत पाय ब्रेकवरच राहतो. स्वस्त संच अशा वापरात काही मिनिटांतच मंदावत असे, कारण उष्णता बाहेर टाकायला त्यात धातूचा पुरेसा भागच नव्हता. सध्याच्या संचाचा दांडा ॲल्युमिनियमचा आहे आणि तो टिकून आहे. घरी तपासायचे असल्यास ब्रेकचे पेडल लाकडाने दाबून दहा मिनिटे ठेवावे, सुरुवातीचा आणि शेवटचा प्रकाश पाहावा.

फायद्यांपैकी सर्वांत मोठा फायदा वेळेचा आहे. बल्बची तार तापून पूर्ण प्रकाश द्यायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, एलईडी जवळजवळ तत्क्षणी पेटतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी तेवढ्या वेळात तीन मीटरहून अधिक अंतर कापते आणि घाटाच्या उतारावर तीन मीटर ही फार मोलाची गोष्ट आहे. शिवाय रिकाम्या गाडीच्या हादऱ्यांनी तार तुटून बल्ब जाण्याचा प्रकार पूर्ण थांबला. पूर्वी मुरबाडच्या पुढे कुठेतरी एक बाजू बंद झालेली असे आणि वाशीत पोहोचेपर्यंत कळतही नसे. नंबर प्लेटचा दिवा आता स्वच्छ दिसतो. रिव्हर्स लाईटमुळे बाजारातल्या धक्क्याला गाडी लावताना हमालांना आणि मला दोघांनाही सोयीचे होते, मात्र त्याचा निळसर पांढरा प्रकाश ओल्या डांबरावर फारसा उपयोगी नाही; पुन्हा घेतला तर थोडा पिवळसर छटेचा घेईन. डिझेलची बचत होते हा दावा मनावर घेऊ नये. दोन ब्रेक लाईट मिळून ४२ वॅट घेतात आणि एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, यावरून बचत किती नगण्य आहे हे कळेल.

कायद्याची बाजूही सांगणे आवश्यक आहे. दिव्यांविषयीच्या तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत आणि लॅम्पला मिळालेली मान्यता ही त्यात ठरवून दिलेल्या बल्बसह मिळालेली असते. त्यामुळे फिटनेस तपासणीत अधिकाऱ्याने हरकत घेतली तर तिला उत्तर देणे कठीण आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी या तपासणीला जावे लागते, म्हणून मूळ बल्ब मी फेकले नाहीत. ज्यांना ही अनिश्चितता नको असेल त्यांनी आपल्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त संपूर्ण एलईडी लॅम्प मिळतो का, ते पाहावे. तो महाग पडतो, पण त्याचे परावर्तक आणि प्रकाशस्रोत एकमेकांसाठी बनलेले असतात. ब्रेक दाबल्यावर लुकलुकणारे किंवा निळा-जांभळा प्रकाश देणारे बल्ब मात्र कोणत्याही परिस्थितीत लावू नयेत. मागच्या चालकाला लाल आणि स्थिर प्रकाशाचीच भाषा कळते, आणि दाट धुक्यात त्याला विचार करायला वेळ नसतो.

माझ्या हिशेबाने खर्चाचा क्रम असा असावा : आधी फाळक्यावरची लाल परावर्तक पट्टी, कारण वीज पूर्ण गेली तरी तीच दिसते, मग अर्थिंग आणि होल्डर, मग काचेची रबरी पट्टी, आणि त्यानंतर ब्रेक व टेलचे दोन चांगले लाल एलईडी. इंडिकेटर जुन्याच बल्बवर ठेवले तरी चालण्यासारखे आहे, कारण तिथे मिळणारा लाभ थोडा आणि फ्लॅशरचा व्याप जास्त आहे.