त्र्यंबक रोडचं शेतघर, सोलर-जनरेटरच्या नावाखाली 3,18,500 ला फसलो

नाशिकजवळ अंजनेरीच्या पुढे आत आमचं दोन खोल्यांचं शेतघर आहे, तिथं लाइट नाही, म्हणून सोलर आणि पावसाळ्यासाठी जनरेटर असं जोडून घ्यायचं ठरवलं. तिकडं जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, नुसत्या सोलरवर भागतच नाही, त्यामुळे विचार काही चुकीचा नव्हता.

3 किलोवॉटचे पॅनल, हायब्रिड इन्व्हर्टर (बाहेरची वीज नसतानाही सोलर-बॅटरीवर चालणारा), 4 बॅटऱ्या, 5 केव्हीएचा जनरेटर, सगळं मिळून 3,10,000. वर विकणारा म्हणाला, "साहेब, 78,000 सबसिडी येणारच". 1,00,000 यूपीआय, 1,25,000 एनईएफटी, 85,000 रोख (पावती नाही), आणि सबसिडीच्या फाइलचे 8,500 वेगळे. अरे, सूर्यघरच्या (केंद्राच्या सोलर सबसिडी योजनेच्या) अर्जात वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक टाकावा लागतो, आमच्याकडं मीटरच नाही! 22 वर्षं अकाउंट्समध्ये काढली तरी हे डोक्यात आलं नाही. पण तो माणूस ओळखीतून आलेला, आधीच्या कामांचे फोटो दाखवले, कोणीही विश्वास ठेवला असता.

खरी चूक झाली ती डेमोला. दुपारी फ्रिज, पंखे सगळं लावून दाखवलं, डिस्प्लेवर सोलरचे आकडे पळतायत, आणि मागं जनरेटर सुरू. मी म्हणालो आता जनरेटर बंद करा. तर म्हणे, "पहिलं चार्जिंग आहे साहेब, मधे तोडलं तर बॅटरी जाईल, रात्रभर राहू द्या." ही मागून सांगत होती, बंद करायलाच लावा. मी तिलाच गप्प केलं. तेच आठवून आजही झोप लागत नाही.

दुसऱ्या दिवशी जनरेटर बंद केला, दोन तासांत बॅटऱ्या संपल्या आणि डोक्यावर कडक ऊन असताना घर बंद. सातपूरच्या ओळखीच्या वायरमनने बघितलं तर हायब्रिडचं स्टिकर लावलेला साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर. त्याला बाहेरून करंट मिळाला तरच तो चालतो, डेमोत तो जनरेटरच्या करंटवर चालला होता. बॅटऱ्या वेगळ्या घरगुती इन्व्हर्टरला जोडलेल्या. म्हणजे डिझेल जाळलं तरच सोलर!

पोलिसांत गेलो तर "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा". स्टिकर बदलून माल विकणं दिवाणी कसं हो? न्याय संहितेचं फसवणुकीचं 318 कलम मीच वाचून दाखवलं, तर साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी या. तीन सोमवार झाले. वीज ऑफिसात विचारलं तर "तुम्ही आमचे ग्राहकच नाही". शेवटी पोलिसांतला अर्ज पोस्टाने पाठवला, पोच ठेवलीय.

भर उन्हात जनरेटर बंद करून तासभर लोड चालवून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. इन्व्हर्टरला बॅटरीचे टर्मिनल आहेत का बघा, साध्या ऑन-ग्रिडला नसतात. रोख तर एक रुपयाही नको. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) 5 लाखापर्यंत फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

त्या विकणाऱ्याला माझी नोटीस या आठवड्यात जातेय. त्र्यंबक, गिरणारे, हरसूल बाजूला कोणाकडे असंच स्टिकरवालं काम झालं असेल तर बिल घेऊन या, तक्रार सोबत टाकू.