न्यूझीलंडचं बटर, व्हाया दुबई, मुक्काम सोलापूर

दाजी दुबईला असतात, ह्या सुट्टीला येताना न्यूझीलंडच्या बटरच्या चार वड्या घेऊन आले. जाताना ताईनं चाटी गल्लीतनं घेऊन दिलेला टर्किश टॉवेल, त्याच्यातच गुंडाळून विमानानं मुंबई अन मग वंदे भारतनं रात्री पावणेअकराला सोलापूर स्टेशन. दगडासारखं गोठवून आणलेलं म्हणून वाचलं, एका वडीचे कोपरे तेवढे बसलेले.

रंग बघूनच आई म्हणली, ह्यात रंग टाकलाय. पाकिटावर बघितलं तर फक्त मलई अन मीठ. तिकडच्या गाई जवळपास वर्षभर कुरणात चरतात, गवतातलं कॅरोटीन लोण्यात उतरतं म्हणून पिवळंधमक. आम्ही म्हशीच्या पांढऱ्या लोण्यावर वाढलेलो, विश्वास बसायला जरा वेळ लागला. गरम ज्वारीच्या भाकरीवर लावलं तर लगेच विरघळून पापुद्र्यात शिरलं, वर शेंगा चटणी टाकली, लई भारी लागलं, खोटं कशाला बोलू. केकला तर एक नंबर. पण आंबूसपणा अजिबात नाही, मलईचंच बटर, विरजणाशी संबंध नाही. आईनं हौसेनं अर्धी वडी कढवायला ठेवली, मीठवालं आहे हे कुणाच्याच ध्यानात नाही, तूप रवाळ झालं पण वास बेताचा अन बेरी एवढी खारट की साखर घालूनसुद्धा पोरांनी थुंकून दिली. तुपाला शून्य मार्क.

पाकिटाच्या एका बाजूला सगळं अरबी. ते वाचता येत नाही पण न्यूझीलंडची सगळी गोष्ट तिथंच आहे बघा. ह्या देशाची माणसं 50 लाखाच्या वर थोडी, म्हणजे आपल्या जिल्ह्यात 2011 लाच 43 लाख होती, अन दुभत्या गाई जवळपास माणसांएवढ्याच. मग दूध पिणार कोण, 95 टक्के माल बाहेर विकतात. आधी सगळा भरवसा ब्रिटनवर, 1973 ला ब्रिटन युरोपच्या बाजारात सामील झाला अन ह्यांचं हक्काचं गिऱ्हाईक हातचं सुटत गेलं. गंमत म्हणजे अँकर हा न्यूझीलंडचा 1886 चा बटरचा ब्रँड, पण ब्रिटनच्या दुकानात त्या नावाचं बटर आता ब्रिटनच्याच दुधाचं. मग 2008 ला चीनशी करार झाला, दूध पावडर ढिगानं जायला लागली, चीन सगळ्यात मोठं गिऱ्हाईक झालं. आता चीननं स्वतःचे गोठे वाढवले, पावडर कमी घ्यायला लागला, तर न्यूझीलंडवाले आखात, आग्नेय आशिया असं फिरायला लागलेत. अन ब्रिटनशी पण 2023 पासून नवा करार चालू, बरोबर 50 वर्षांनी. आपल्या टॉवेलवाल्यांना विचारा, एका गिऱ्हाईकावर बसून राहिलं की काय होतं.

मामाचा माळशिरसला एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, परदेशी जातीच्या) गाईंचा गोठा आहे, त्यांना भाकरीवर लावून दिलं तर चव बाजूला राहिली, पहिलं विचारलं कितीला पडलं. मामाचं बरोबरच आहे म्हणा. न्यूझीलंडच्या मालाचा ऑनलाइन लिलाव दर दोन आठवड्याला होतो, जगातले पावडरचे भाव त्याच्याकडं बघून हलतात. तिथं पावडर पडली की आपली पावडर बाहेर खपत नाही, गोडाऊन भरतात, अन मामाच्या साडेतीन फॅट साडेआठ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) दुधाचा दर उतरतो. 2018 ला असंच झालेलं, आंदोलन पेटलं, शेवटी सरकारला लिटरमागं 5 रुपये द्यायला लागले. आपण जगातलं जवळपास पाव दूध काढतो पण घरातच संपवतो, बाहेर जातं ते किरकोळ, त्यामुळं तिथं आपलं कोण ऐकणार. पावडरवर 60 टक्के आयात ड्युटी आहे म्हणून तरी ठीक. 2019 ला भारत आरसीईपीतनं (न्यूझीलंड, चीन अन आशियातल्या देशांचा व्यापार करार) बाहेर पडला त्याला दूधवाल्यांची भीती हे एक मोठं कारण होतं. मामा म्हणले, ते बिनड्युटी आलं असतं तर गाई विकून तिथंपण ऊसच लावला असता. अन हे बोलता बोलता दुसऱ्या भाकरीला स्वतःच बटर लावून घेतलं.

माझ्याकडनं 5 पैकी साडेतीन स्टार. भाकरी, ब्रेड, केक ह्याला डोळे झाकून घ्या, पुरणपोळीवर नको. दोन वड्या अजून फ्रिजरमध्ये आहेत, टॉवेल तीन वेळा धुतला तरी त्याचा तुपकट वास काही जाईना, अन आईनं दाजींना आत्ताच सांगून ठेवलंय, पुढच्या वेळेस नुसता खजूर आणा.