विडी सोडायची, पण कशी? मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्यांच्या घरच्यांसाठी

माझा मोठा भाऊ सोळा वर्षांपासून स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेतोय, आणि विडी त्याच्याही आधीपासून ओढतोय. आम्ही मूळचे सिन्नरचे. आई आणि मावशी घरी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली टेंभुर्णीची पानं. विडीला आमच्या घरात कुणी व्यसन म्हटलंच नाही, त्यावर तर चूल पेटायची. दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं नखापर्यंत पिवळी झाली होती आणि त्याच्या प्रत्येक शर्टाला छातीपाशी जळकी भोकं असायची.

गेल्या दीड वर्षात आम्ही विडी सोडवण्याचे सगळे मार्ग तपासले आणि त्यातले तीन वापरून पाहिले. तुमच्या घरातही हाच प्रश्न असेल, तर आमचा हिशेब पुढे मांडतो.

राहू द्यावी की सोडवावी?

‘एवढं एकच तर सुख आहे त्याला, राहू द्या.’ नाशिकमध्ये आम्ही जिथे जिथे विषय काढला, तिथे हेच ऐकलं. बोलणारे मायेनेच बोलतात, पण मला हे पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात. त्यातली बरीचशी हृदयविकारासारख्या शरीराच्या आजारांनी जातात आणि त्यात तंबाखूचा वाटा मोठा आहे. या माणसांमध्ये धूम्रपानाचं प्रमाण इतरांच्या दुप्पट-तिप्पट आढळतं.

विडीने डोकं शांत होतं, हे दादा मनापासून सांगायचा, आणि त्याला तसं वाटायचंही. पण रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि तलफ सुरू होते. ती तलफच अस्वस्थ करते. पुढची विडी तेवढी अस्वस्थता घालवते आणि माणूस तिलाच औषध समजतो. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून एक लेख आला होता. ज्यांनी धूम्रपान सोडलं, त्यांची चिंता, नैराश्य आणि ताण कमी झालेला दिसला. मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीतही तेच दिसलं.

आधी धूर आणि गोळ्यांचं नातं समजून घ्या

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा.

दादाला तीन वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलमध्ये तीन आठवडे ठेवलं होतं. वॉर्डात विडीला बंदी. ओलांझापिन या त्याच्या गोळीचा डोस तिथेच बसवला आणि तो छान सावरून घरी आला. रिक्षातून उतरल्या उतरल्या त्याने कोपऱ्यावरच्या टपरीवरून बंडल घेतलं. महिन्याभरात नसलेले आवाज त्याला परत ऐकू यायला लागले. आम्ही त्याच्यावर चिडलो. गोळ्या थुंकतोस ना, म्हणून रोज तोंड उघडून दाखवायला लावलं. तो एकही गोळी चुकवत नव्हता. घरी गेल्यावर विडी परत सुरू होईल का, हे डिस्चार्जच्या वेळी कुणी विचारलं नाही, आणि सुरू झाली का, हे नंतरही नाही.

विडी-सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं औषधं मोडणारं एक एन्झाइम जोरात काम करायला लागतं आणि क्लोझापिन, ओलांझापिन ही स्किझोफ्रेनियावरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. म्हणजे ओढणाऱ्याला तोच डोस कमी पुरतो. विडी एकदम सोडली की उलटं होतं. काही दिवसांतच औषधाची पातळी वर जाते, झापड येते, लाळ गळते, चक्कर येते, बद्धकोष्ठ होतं. क्लोझापिनवर असलेल्याला फिटही येऊ शकते. रिस्पेरिडोन, अरिपिप्राझोल या याच आजारावरच्या दुसऱ्या औषधांवर हा परिणाम फारसा होत नाही.

हे काम धूर करतो, निकोटीन नाही. त्यामुळे निकोटीनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) लावून किंवा निकोटीनचा गम चघळून विडी सोडली, तरी औषधाची पातळी वाढतेच. म्हणून विडी सोडायची तारीख आधी डॉक्टरांना सांगा आणि डोस त्यांनाच ठरवू द्या. घरच्या घरी गोळी अर्धी करू नका.

चहाचंही असंच आहे. कॅफिन त्याच एन्झाइमने निघून जातं. विडी सुटल्यावर तेवढाच चहा जास्त चढतो आणि झोप उडते. आम्ही दादाचे पाच कप तीनवर आणले.

‘विडी सोड, हवं तर तंबाखू मळ’

हा सौदा आपल्याकडे फार चालतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू घेत होते आणि ओढणारे होते ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडे बहुतेकांचा प्रश्न पुडी, चुना आणि मशेरीचा आहे. निव्वळ खाणाऱ्याने तंबाखू सोडला, तर वर सांगितलेला डोसाचा गोंधळ होत नाही. पण विडीवाला तंबाखूवर गेला, तर औषधाच्या दृष्टीने त्याने विडी सोडलेलीच असते आणि पातळी वाढते. वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका पदरात पडतो. या सौद्यात मला काहीच कमावल्यासारखं वाटत नाही.

मार्ग कोणता?

*नुसत्या निश्चयावर.* आम्ही पहिल्यांदा हेच केलं. तिसऱ्या दिवशी दादा रात्रभर घरात येरझाऱ्या घालत होता, ताट सरकवत होता. आजार उलटला असं समजून आईने स्वतः बंडल आणून दिलं. नंतर कळलं की चिडचिड, झोपमोड, उदासी ही तलफेची लक्षणं पहिल्या आठवड्यात सर्वात जोरात असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तरीही आवाज, संशय किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा दिसली, तर तलफ समजून थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

*निकोटीन गम.* २ मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये मिळतो. तंबाखू खाणाऱ्याला हा जास्त रुचतो, कारण गालात ठेवायला काहीतरी मिळतं. पण च्युइंगगमसारखा चावत बसलं तर उपयोग नाही. थोडा चावायचा, चव तिखट लागली की गालात दाबून ठेवायचा, मग परत चावायचा. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. दादाचा गम इथेच फसला. चहा आणि गम तो एकदमच घ्यायचा, शिवाय गोळ्यांनी त्याचं तोंड सतत कोरडं. गुटख्याने ज्यांचं तोंड पुरतं उघडत नाही, त्यांनाही गम जमत नाही.

*पॅच.* माझं मत सरळ पॅचच्या बाजूने आहे, विशेषतः पेशंट विसराळू असेल आणि घरात गोळ्या देणारं माणूस असेल तर. सकाळच्या गोळ्यांबरोबर दंडावर चिकटवला की दिवसभराची काळजी मिटली. जागा रोज बदलायची. भयंकर स्वप्नं पडली तर डॉक्टरांना विचारून रात्री काढून ठेवायचा. उन्हाळ्यात घामाने निघतो, ही एक कटकट आहे. पॅच लावून वर तलफेपुरता गम घेतला, तर नुसत्या एकापेक्षा जास्त उपयोग होतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. खर्च मात्र दोन्हींचा होतो. विडीचं बंडल स्वस्त असल्यामुळे सुरुवातीला खिशाला जाणवतं.

*गोळ्या.* व्हरेनिक्लिन या धूम्रपान सोडवणाऱ्या गोळीने माणूस आत्महत्येकडे वळतो, अशी भीती बरीच वर्षं होती आणि अमेरिकेत औषधावर तसा ठळक इशाराही छापलेला असायचा. २०१६ साली आठ हजारांहून जास्त लोकांवरचा मोठा अभ्यास आला. त्यातल्या निम्म्यांना मानसिक आजार होता. मनावरचे गंभीर दुष्परिणाम पॅच किंवा औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत लक्षणीय वाढलेले दिसले नाहीत, आणि सिगारेट सुटण्यात व्हरेनिक्लिन सगळ्यांच्या पुढे राहिलं. त्याच वर्षी तो इशारा काढला गेला. पण अभ्यासातले पेशंट आजार स्थिर असलेले होते, हे ध्यानात ठेवा. मळमळ होते, म्हणून गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. दुसरी गोळी ब्युप्रोपिऑन. ती नैराश्यावरही चालते, पण फिट येणाऱ्याला देत नाहीत आणि बायपोलर असेल तर फार जपून देतात. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

डोस नुकता बदललाय किंवा आजार उसळलाय, अशा वेळी सुरुवात करू नका. तसं नसेल तर पुढच्या दिवाळीची वाट पाहण्यातही अर्थ नाही. जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्तीचं समुपदेशन होतं, तेव्हा नाशिकमध्ये असाल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६, हे दोन्ही नंबर मोफत आहेत. आम्ही ते फ्रिजवर चिकटवलेत.

आता रोज सकाळी आई दादाच्या दंडाला पॅच लावते. विड्या वळून वाकलेल्या बोटांनी कडा दाबून धरते आणि मनात दहा आकडे मोजते. मध्ये एकदा दादा घसरला. रामकुंडावर कुणाच्या तरी दहाव्याला गेला होता, तिथे पाच विड्या ओढून आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पॅच लावला.

परवाच्या ओपीडीत डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘विड्या किती?’ मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाला, ‘एकोणीस दिवस शून्य.’ त्यांनी ते केसपेपरवर ओलांझापिनच्या डोसाशेजारी लिहिलं.